इंजिनाची रोजनिशी

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



मी मूळचा हर्णैचा. डिझेल इंजिनं दुरुस्त करण्यातच माझं आयुष्य गेलं. पहिली पंचवीस वर्षं मुंबईला ससून डॉकवर गेली आणि पुढची पंधरा, म्हणजे १९९९ ते २०१४, अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्याच्या किनाऱ्यावर वानचीज नावाच्या गावातल्या एका बोटयार्डात. आता गावी परत आलो आहे. संध्याकाळी बंदरावर गेलो की ओळखीची मंडळी बसवून घेतात, चहा सांगतात, आणि मग एक प्रश्न हमखास येतो. "तिकडं नुसत्या हौसेनं मासे मारायला जातात, त्या बोटींना म्हणे दोन-दोन हजार हॉर्सपॉवरची इंजिनं असतात. खरं काय?"

खरं आहे. साठ-सत्तर फुटी हौशी बोटीला तसली एक सोडून दोन इंजिनं असतात. पण 'दोन हजार हॉर्सपॉवर' या आकड्यामागे एक अट असते. ती बारीक अक्षरात लिहिलेली असते आणि बहुतेक लोक ती वाचत नाहीत. मी तर या धंद्यातला माणूस. पण एकदा ती वाचायची मीही टाळली होती. त्याची किंमत दुसऱ्या माणसानं मोजली. आज त्याबद्दल बोलणार आहे.

आधी तिथला समुद्र कसा आहे ते सांगतो, म्हणजे एवढी ताकद कशाला लागते ते कळेल. नॉर्थ कॅरोलिनाच्या किनाऱ्यापुढे वाळूच्या बेटांची लांबच लांब पट्टी आहे. या पट्टीला मधूनमधून फटी आहेत. त्यातली एक ओरेगॉन इनलेट. १८४६ सालच्या एका चक्रीवादळानं वाळू फोडून ही वाट पाडली. आपल्याकडे खाडीचं तोंड असतं तसंच हे, आणि आपल्याकडच्यासारखाच तिथंही गाळ साचतो, वाळूचे दांडे जागा बदलतात, ओहोटी आणि वारा समोरासमोर आले की लाटा फुटायला लागतात. या तोंडातून बाहेर पडून पस्तीस-चाळीस मैल गेलं की गल्फ स्ट्रीम लागतो. दक्षिणेकडून येणारा हा कोमट पाण्याचा प्रवाह म्हणजे समुद्रातली एक नदीच. त्याच्या कडेला ट्यूना मिळतो, आणि तोंडाला भाल्यासारखी चोच असलेला मार्लिन मिळतो. या मार्लिनसाठी माणसं जीव टाकतात. तो गळाला लागला की दोन-दोन तास झुंजतो, आणि पुष्कळदा त्याला बोटीपर्यंत आणून पुन्हा सोडूनही देतात. स्पर्धांमधली बक्षिसं लाखो डॉलरांची असतात.

आता हिशेब करा. मासा चाळीस मैलांवर. पहाटे निघून सकाळी गळ पाण्यात पडायला हवेत आणि संध्याकाळी घरी परतायला हवं. आपल्या मच्छीमार बोटीच्या चालीनं गेलं तर दिवस जाण्यायेण्यातच संपेल. म्हणून त्या बोटी पाण्यावर उचलल्या जातात आणि पंचवीस-तीस नॉटनं पळतात. वीस-पंचवीस टनांची बोट पाण्यावर उचलून पळवायची म्हणजे ताकद हवी, आणि इंजिन हलकंही हवं. वजनदार इंजिन घातलं तर ते स्वतःचंच ओझं ओढत बसतं.

पूर्वी ही ताकद पेट्रोल इंजिनांतून मिळायची. अर्नेस्ट हेमिंग्वे हे नाव तुम्ही ऐकलं असेल. त्यांच्या म्हाताऱ्या कोळ्याच्या गोष्टीचा पु. ल. देशपांड्यांनी 'एका कोळियाने' हा अनुवाद केला आहे. त्या हेमिंग्वेंनी १९३४ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या व्हीलर कारखान्याकडून 'पिलार' नावाची ३८ फुटी बोट घेतली. तिला एक ७५ हॉर्सपॉवरचं मोठं इंजिन होतं आणि गळ टाकून हळूहळू फिरण्यासाठी ४० हॉर्सपॉवरचं दुसरं. दोन्ही पेट्रोलची. पेट्रोलचं दुखणं असं, की त्याची वाफ हवेपेक्षा जड असते. गळती झाली की ती बोटीच्या तळात साचून राहते आणि एका ठिणगीची वाट बघते. डिझेलची वाफ साध्या हवामानात अशी पेट घेत नाही. समुद्रावरच्या माणसाला डिझेल जवळचं वाटलं त्याचं पहिलं कारण हेच, बचत नंतरची.

पण तेव्हाची डिझेल इंजिनं म्हणजे लोखंडाचे डोंगर. लहान बोटीत मावेल असं डिझेल इंजिन अमेरिकेत जनरल मोटर्सनं १९३८ साली आणलं. त्या मालिकेचं नाव '७१'. एका सिलिंडरचं आकारमान ७१ घन इंच, म्हणून ७१. सहा सिलिंडरचं इंजिन सुमारे सात लिटरचं. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना किनाऱ्यावर उतरवणाऱ्या होड्यांमध्ये हेच इंजिन २२५ हॉर्सपॉवरवर बसवलं होतं. १९४४ साली नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर जे सैनिक उतरले, त्यातल्या कितीतरी जणांच्या पाठीशी हा आवाज होता. युद्ध संपल्यावर ही इंजिनं मच्छीमारांच्या हाती आली आणि पुढची पन्नासेक वर्षं त्यांचीच आणि त्यांच्या भावंडांची सद्दी होती.

मी तिथं गेलो तेव्हा ती अजून भरपूर चालत होती. टू-स्ट्रोक इंजिन, त्यामुळे प्रत्येक फेऱ्याला स्फोट. आवाज असा, की धक्क्यावर उभं राहून नुसत्या आवाजावरून कुठली बोट येते आहे ते सांगता यायचं. सुरू करताना पांढरा धूर, ओझं वाढलं की काळा धूर, आणि खाली तेलाचे थेंब. तिथले जुने मेकॅनिक म्हणायचे, तेल गळायचं थांबलं तर समजावं की आत तेल उरलेलं नाही! पण या इंजिनात एक गुण होता. ते कुरकुर करायचं. पोटात दुखलं की धूर, आवाज, थरथर अशी काही ना काही तक्रार करायचंच. कान असलेल्या माणसाला ती कळायची.

मग धुराचे कायदे आले. अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानं बोटींच्या डिझेल इंजिनांसाठी टप्प्याटप्प्यानं मर्यादा आणल्या, २००८ साली त्या आणखी कडक केल्या. टू-स्ट्रोक मागे पडलं आणि फोर-स्ट्रोक, टर्बो लावलेली, कॉम्प्युटरवर चालणारी इंजिनं आली. यातला मोठा बदल म्हणजे कॉमन रेल. आधी ट्रक आणि मोटारींमध्ये आलेलं हे तंत्र २००० नंतर बोटींतही आलं.

कॉमन रेल म्हणजे काय ते सोपं करून सांगतो. डिझेल इंजिनात पेट्रोलसारखी ठिणगी नसते. हवा इतकी दाबतात की ती दाबानंच तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल उडवलं की ते आपोआप पेटतं. जुन्या इंजिनात पंप प्रत्येक सिलिंडरला त्याच्या पाळीनं डिझेलची एक धार द्यायचा. नव्यात एका जाड नळीत डिझेल कायम दाबून भरलेलं असतं, आणि कॉम्प्युटर सांगेल त्या क्षणी प्रत्येक इंजेक्टर उघडतो. दाब किती? तुमच्या मोटारीच्या चाकात साधारण दोन-सव्वादोन बार हवा असते. या नळीत दोन हजार बारपर्यंत दाब असतो, म्हणजे हजार पट. मिनिटाला २४०० फेरे चाललेले असताना एकेका सिलिंडरमध्ये सेकंदाला वीस वेळा स्फोट होतो, आणि त्या प्रत्येक स्फोटासाठी डिझेल एकदम न देता दोन-तीन हप्त्यांत देतात. पहिला थेंब वात पेटवायला, उरलेलं कामाला. त्यामुळे तो ठोक्याचा आवाज गेला आणि धूरही जवळजवळ गेला.

फरक किती पडला ते आकड्यात बघा. त्या ७१ मालिकेचं सहा सिलिंडरचं इंजिन सात लिटरचं आणि युद्धातल्या होडीत २२५ हॉर्सपॉवरचं. आज कमिन्सचं ६.७ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन हौशी बोटीसाठी ५५० हॉर्सपॉवरपर्यंत मिळतं, आणि वजनालाही ते बरंच हलकं. मोठ्या बोटींसाठी जर्मनीच्या मान कंपनीचं चोवीस लिटरचं बारा सिलिंडरचं इंजिन दोन हजार हॉर्सपॉवर देतं. बंदरावर जो आकडा ऐकू येतो तो हा.

आता अट. त्याच ६.७ लिटरच्या इंजिनाचं माहितीपत्रक उघडलं तर तुम्ही चक्रावाल. तेच इंजिन, तोच लोखंडी ठोकळा. पण रोज राबणाऱ्या बोटीसाठी घेतलं तर कंपनी ते अडीचशेच्या आसपास हॉर्सपॉवरवर बांधून देते आणि हौशी बोटीसाठी ५५० वर. राबणाऱ्या बोटीला इंजिन तासन् तास पूर्ण ताकदीवर चालवायची मुभा आहे. हौशी बोटीला मात्र लिहिलेलं असतं, की दर आठ तासांत पूर्ण ताकद फक्त एक तास. उरलेला वेळ किमान दोनशे फेरे खाली चालवायचं. वर्षाला पाचशे तासांच्या आत. आणि शेवटी, ज्या बोटीवर पैसे कमावले जातात तिच्यासाठी हे नाही!

म्हणजे हॉर्सपॉवर हा नुसता ताकदीचा आकडा नाही, तो कराराचा आकडा आहे. तुम्ही मला इतके कमी तास वापरणार असाल तर मी तुम्हाला इतकी जास्त ताकद देतो, असं इंजिन सांगतं. शंभर मीटर पळणारा आणि पंढरीच्या वारीला चालणारा, दोघांनाही पायच असतात. पण वारकऱ्याला शंभर मीटरच्या वेगानं वारी करायला लावली तर तो पहिल्या मुक्कामाआधीच बसेल.

दुसरी गोष्ट पंख्याची. पंखा म्हणजे प्रोपेलर. फेरे दहा टक्क्यांनी कमी केले की पंख्याला लागणारी ताकद साधारण पाव हिश्शानं उतरते. म्हणून शहाणा कॅप्टन थोडे फेरे उतरवतो. वेग जरासाच कमी होतो आणि इंजिनावरचं ओझं पुष्कळ कमी होतं. पण यासाठी पंखा बोटीला बेतलेला हवा. पूर्ण टाक्या, पूर्ण माणसं, पूर्ण बर्फ घेऊन रेस शेवटपर्यंत दिली की इंजिनानं आपले ठरलेले फेरे गाठलेच पाहिजेत. ते गाठत नसेल तर पंखा जड आहे किंवा बोट जड झाली आहे, आणि मग रेस कितीही कमी ठेवली तरी प्रत्येक फेऱ्याला ते इंजिन झेपतं त्याहून जास्त ओढत असतं.

आता माझी चूक सांगतो.

फेब्रुवारी २००९. आमच्या धक्क्यावर एक कॅप्टन होता, पन्नाशीचा, दुसऱ्याच्या बोटीवर वीस वर्षं नोकरी केलेला. त्यानं घर गहाण टाकून स्वतःची बोट घ्यायचं ठरवलं. ती भाड्यानं चालवणार, म्हणजे सहा गिऱ्हाइकं घेऊन रोज गल्फ स्ट्रीमला जाणार. बोट २००५ सालची, पंचेचाळीस फुटी, जोड इंजिनांची. आधीचा मालक श्रीमंत हौशी माणूस. चार वर्षांत फक्त सातशे तास चाललेली. इंजिनं चकचकीत पांढरी, तेलाचा एक डाग नाही. कॅप्टननं मला बोलावलं, इंजिनं बघून सांग म्हणाला.

मी बघितली. बाहेर जाऊन फेरीही मारली. पूर्ण रेस दिली. ठरलेले फेरे २६००, मिळाले २५८०. धूर नाही, आवाज नाही, तापमान जागच्या जागी. मी म्हटलं, वीस फेऱ्यांचा काय तो फरक! पण टाक्यांमध्ये डिझेल जेमतेम पाव होतं आणि बोटीवर आम्ही तिघंच होतो. शिवाय आधीच्या मालकानं नंतर ॲल्युमिनियमचा उंच टॉवर चढवला होता, बर्फाचं मशीन बसवलं होतं, जनरेटर मोठा केला होता. पंखे मात्र पहिलेच. हे सगळं मला दिसत होतं.

आणि एक गोष्ट मी केलीच नाही. या नव्या इंजिनांचा कॉम्प्युटर रोजनिशी लिहीत असतो. किती तास किती फेऱ्यांवर गेले, किती तास किती ओझ्याखाली गेले, कितीदा तापलं, सगळं त्यात असतं. लॅपटॉप जोडायचा आणि वाचायचं, अर्ध्या तासाचं काम. लॅपटॉप माझ्या गाडीत होता. संध्याकाळ झाली होती, थंडी कडाक्याची होती, कॅप्टनला बँकेत कागद द्यायची घाई होती. मी म्हटलं, "इंजिनं चांगली आहेत. घे."

मे महिन्यात त्यानं धंदा सुरू केला. गिऱ्हाइकं चांगली मिळाली. रोज पहाटे पाचला बाहेर, संध्याकाळी परत. जूनच्या अखेरीस एका दुपारी मी यार्डात होतो. रेडिओवर त्याचा आवाज आला. उजवं इंजिन मोठा आवाज करून बंद पडलं होतं, इनलेटपासून तीस मैलांवर. बोटीवर सहा गिऱ्हाइकं, त्यात एका आजोबांबरोबर आलेले दोन नातू.

जोड इंजिनांची बोट एकावर येऊ शकते. हळूहळू, सात-आठ नॉटनं. तसा तो येत होता. पण वारा ईशान्येचा होता आणि इनलेटजवळ पोहोचायची वेळ नेमकी भर ओहोटीची होती. आत येणाऱ्या लाटा आणि बाहेर धावणारं पाणी समोरासमोर. फुटणाऱ्या लाटा मागून येतात तेव्हा बोटीला पळायला लागतं, नाहीतर लाट तिला आडवी फिरवते. पळायला दोन इंजिनं लागतात. त्याच्याकडे एकच होतं, आणि त्याचीही खात्री नव्हती. दोन्ही जुळी भावंडं, एकाच ताटात जेवलेली.

तो आत शिरला नाही. बाहेरच, खोल पाण्यात, नाक लाटेवर धरून थांबला. भरती लागून पाणी निवळेपर्यंत जवळजवळ तीन तास. मी पुलावर जाऊन उभा राहिलो. दुर्बिणीतून त्याच्या बोटीचा टॉवर दिसायचा, मग लाटेआड जायचा. आपण धक्क्यावर सुरक्षित उभे आहोत आणि आपल्या एका शब्दावर विश्वास ठेवून नऊ-दहा माणसं तिकडे हेलकावे खाताहेत, ही जाणीव काय असते ते मी सांगू शकत नाही. लहानपणी हर्णैला वादळी हवेत वडिलांची वाट बघत आई अशीच उभी असायची. त्या दिवशी मला तिची आठवण झाली.

रात्री साडेआठला तो धक्क्याला लागला. पोरं उलट्या करून दमली होती, पण सगळे सुखरूप होते.

दुसऱ्या दिवशी इंजिन उघडलं. एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं डोकं तुटून सिलिंडरमध्ये पडलं होतं आणि त्यानं पिस्टनचा चुरा केला होता. मग मी लॅपटॉप जोडला. रोजनिशीत सगळं होतं. आधीच्या मालकाच्या सातशे तासांतले निम्म्याहून जास्त तास इंजिन नव्वद टक्क्यांच्या वरच्या ओझ्यावर चाललं होतं. टॉवर चढल्यापासून प्रत्येक तास जड. कॅप्टनच्या दोन महिन्यांतही तेच. भरल्या बोटीनिशी ती जोडी २४३० च्या वर गेलीच नव्हती. इंजिन कुठल्या कंपनीचं होतं ते सांगण्यात अर्थ नाही, दोष तिचा नव्हताच. इंजिनानं चार वर्षं सगळं लिहून ठेवलं होतं. वाचायचं काम माझं होतं.

मी कॅप्टनला ते कागद दाखवले आणि म्हणालो, "हे मी फेब्रुवारीत वाचायला हवं होतं." त्यानं कागद बराच वेळ बघितले. ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "मी तुला बोलावलं होतं ते याच्यासाठीच ना?" पंधरा वर्षांत तिथं मला पुष्कळ शिव्या खाव्या लागल्या, त्यांतली एकही इतकी लागली नाही.

त्याचा धंद्याचा हंगाम गेला. ते इंजिन मी रात्री जागून, मजुरी न घेता बांधलं. पण सुटे भाग त्यालाच घ्यावे लागले आणि बँकेचे हप्तेही त्यालाच भरावे लागले. दोन्ही पंख्यांचा पीच कमी करून घेतला आणि कंपनीच्या माणसाला बोलावून दोन्ही इंजिनं खालच्या हॉर्सपॉवरवर बांधून घेतली. २८ नॉटची बोट २२ वर आली. म्हणजे छत्तीस मैलांना वीस-पंचवीस मिनिटं जास्त. तेवढा तो आधी उठायला लागला. मी २०१४ साली तिथून निघालो तेव्हा त्याच इंजिनांवर त्याचा धंदा चालू होता.

श्रोतेहो, त्यानंतर मी एक नियम केला. रोजनिशी वाचल्याशिवाय कुठल्याही इंजिनाला चांगलं म्हणायचं नाही. आणि टाक्या भरल्याशिवाय फेरे मोजायचे नाहीत.

जुन्या आणि नव्या इंजिनातला खरा फरक मला तेव्हा कळला. जुनं इंजिन कुरकुर करायचं, नवं इंजिन लिहून ठेवतं. जुन्याला कान लागायचे, नव्याला वाचणारा लागतो. नवं इंजिन शांत आहे, स्वच्छ आहे, म्हणून ते सुखात आहे असं आपण धरून चालतो. घरातला न बोलणारा माणूस सुखी असतो असं आपण समजतो, तसंच.

तासांचंही तसंच. 'कमी चाललेलं इंजिन' ऐकून भुलू नका. माझ्या अनुभवात डिझेल इंजिन म्हातारपणानं मरताना मी फार थोडं पाहिलं. बहुतेकांना मारलेलं पाहिलं. मारणारे चौघंच. पहिलं, जड पंखा. दुसरं, खारं पाणी. टर्बोनं दाबलेली हवा थंड करायला जो कूलर असतो, त्यात एका बाजूला हवा आणि एका बाजूला समुद्राचं पाणी खेळतं. तो दोनेक वर्षांनी उघडून साफ केला नाही, दाब देऊन तपासला नाही, की एक दिवस मीठ हवेच्या वाटेनं इंजिनात शिरतं. तिसरं, धुराच्या नळीत सोडलेलं पाणी. नळीचं वळण पुरेसं उंच नसेल तर ते उलटं टर्बोत येतं. चौथं, घाण डिझेल. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. कॉमन रेलच्या इंजिनावरचा शेवटचा फिल्टर दोन-तीन मायक्रॉनची धूळ अडवतो, आणि ती अडवावीच लागते. जुनं इंजिन पाण्याचा घोट पचवायचं. नवं पाण्याच्या थेंबानं इंजेक्टर गमावतं, आणि एकेक इंजेक्टर केवढ्याला पडतो ते विचारू नका.

आता तिकडे लहान हौशी बोटींमध्ये डिझेल मागे पडतं आहे. मागच्या फळीवर टांगलेली पेट्रोलची आऊटबोर्ड इंजिनं, तीन-तीन, चार-चार, रांगेनं दिसतात. २०२१ साली मर्क्युरी कंपनीनं बारा सिलिंडरचं ६०० हॉर्सपॉवरचं आऊटबोर्ड आणलं. पण मोठ्या बोटींमध्ये, जिथं रोज शेकडो लिटर इंधन जळतं आणि किनारा दिसत नाही, तिथं अजून डिझेलच आहे. दोन्ही इंजिनं एकोणीसशे हॉर्सपॉवरची असली तर पूर्ण वेगात तासाला सातशे लिटरच्या आसपास डिझेल जातं. हा छंद कोणाला परवडतो ते यावरून समजा.

मग ही सगळी गोष्ट मी आपल्या लोकांना कशाला सांगतो? आपल्याकडे मार्लिनचा छंद नाही, पोटाचा धंदा आहे. पण मासा किनाऱ्यापासून लांब गेला तशा आपल्या बोटीही लांब जायला लागल्या, आणि बंदरावर हॉर्सपॉवरची चढाओढ लागली. शेजाऱ्यानं मोठं घेतलं म्हणून आपणही घ्यायचं. कर्ज काढून घ्यायचं. जुनं इंजिन विकत घेताना रंग बघायचा, तास विचारायचे आणि सौदा करायचा. तो कॅप्टन जिथं फसला तीच जागा ही. इंजिन पळण्यासाठी बांधलेलं आहे की राबण्यासाठी, हे कोणी विचारतच नाही.

म्हणून बंदरावर मला कोणी विचारलं तर मी तीन प्रश्न सांगतो. एक, हे इंजिन पूर्ण ताकदीवर दिवसाला किती तास चालवायची परवानगी आहे, ते कंपनीच्या कागदावर दाखव. दोन, भरल्या बोटीनिशी, भरल्या टाकीनिशी, ते ठरलेले फेरे गाठतं का, माझ्यासमोर दाखव. तीन, त्याला कॉम्प्युटर असेल तर रोजनिशी काढून दाखव. नसेल तर उघडून दाखव. विकणारा तिन्हींना हो म्हणाला तर बोलणी करा. एकालाही टाळायला लागला तर चहा पिऊन घरी जा. आणि पावसाळ्यात बंदी असते, होड्या वर काढून शाकारलेल्या असतात, तेव्हा तो कूलर उघडा. नारळी पौर्णिमेला नारळ वाहण्याआधी एवढं करा.

माझ्या वडिलांच्या होडीला १९६७ साली दोन सिलिंडरचं, वीस हॉर्सपॉवरचं इंजिन बसलं. हँडल मारून सुरू करायचं. वडिलांना हॉर्सपॉवर म्हणजे काय ते माहीत नव्हतं. पण पहिल्याच आठवड्यात त्यांनी रेसच्या दांड्यापुढे आंब्याच्या लाकडाची एक खुंटी ठोकली. दांडा शेवटपर्यंत जाईना. मी तेव्हा बारा वर्षांचा. मी विचारलं, "आबा, इंजिन अजून पळेल की, खुंटी कशाला?"

ते म्हणाले, "शेवटचा हात आपला नाही. तो दर्याला लागेल तेव्हाचा."

खुंटी तशी सैलच होती. लागली तर एका ठोशात निघणारी. माझ्या आठवणीत ती दोनदा काढली असेल. ते इंजिन एकवीस वर्षं चाललं.